चिखलातलं तांबडं

लग्न होऊन मुंबईतल्या माहुलला आले तेव्हा समुद्राचं घड्याळ कसं चालतं याची मला काडीचीही माहिती नव्हती. माहेर साताऱ्याकडचं. पाणी म्हणजे विहीर, पाट, नाहीतर कृष्णेचा घाट. ते जिथे असतं तिथेच असतं. पहिल्याच महिन्यात एका रात्री सासूबाईंनी विचारलं, "आज तिथी कोनती गो?" मला वाटलं, उद्या कसला तरी उपास असणार. त्यांनीच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि पाढा म्हणावा तसं म्हणाल्या, "उद्या तीज. तीन पाऊणे सव्वादोन. साडेआठला पानी तलाला जाईल. येतेस?"

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, आणि त्यानंतर सहा तासांच्या आसपास ओहोटी. आपल्या किनाऱ्यावर हा हिशोब पिढ्यानपिढ्या तोंडी चालत आला आहे. पुनवेला-अवसेला बाराच्या सुमारास भरती, म्हणून सकाळ-संध्याकाळी सहाला पाणी खाली. अष्टमीला सहाला भरती, पण ती भांगाची. पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. खुबे, म्हणजे चिखलातले शिंपले, काढायला जायचं तर उधाणाचे दिवस हवेत. पुनवेनंतरची नाहीतर अवसेनंतरची बीज, तीज, चौथ. त्या दिवसांत पाणी लांबवर ओसरतं आणि एरवी झाकलेला चिखल उघडा पडतो. मी आता मोबाइलवर भरतीचं कोष्टक बघते. आईंचा पाढा (मी त्यांना आईच म्हणते) आणि ते कोष्टक यांत फार तर अर्ध्या-पाऊण तासाचा फरक निघतो.

गेले त्यांच्याबरोबर. फेब्रुवारी होता. तिवरांमधून वाट काढत खाडीच्या तोंडाशी आलो. मागे कारखान्यांच्या चिमण्या, समोर शिवडीच्या अंगाला पसरलेला राखाडी चिखल आणि त्यावर रोहित पक्ष्यांची लांबच लांब गुलाबी रेघ. मी त्या रेघेकडे बघत उभी राहिले आणि बघता बघता गुडघ्यापर्यंत आत गेले. "उबी राहू नको, रुतशील! पाय उचलू नको, सरकवत ये," आई पुढून ओरडल्या. चिखलात चालणं वेगळंच असतं. वजन एका पायावर ठेवायचं नाही, टाच रोवायची नाही, थांबायचं नाही. पन्नाशीच्या आई त्यावरून अशा चालल्या होत्या जशा घरात फरशीवरून चालतात.

पाय कसाबसा बाहेर ओढला तेव्हा पोटरीवर दोन रंग होते. वर पातळसा तपकिरी थर, खाली काळाकुट्ट. आणि सडक्या अंड्यासारखा वास. मला तो वास घाणीचा वाटला. शहराचं गटार इथे येतं, त्याचाच असणार, असं मी मनाशी धरून टाकलं. ते अर्धवटच खरं होतं, पण ते पुढे.

आई वाकल्या. चिखलावर बोटभर लांबीची बारीक चीर होती. मला दाखवल्यावरही ती दिसायला वेळ लागला. त्यांची बोटं जेमतेम दोन पेरं आत गेली आणि एक शिंपलं घेऊन बाहेर आली. खाडीच्या पाण्यात खळबळून त्यांनी ते माझ्या हातावर ठेवलं. फुगीर, जड, अक्रोडाएवढं. तिसऱ्या मला ओळखीच्या होत्या, परळच्या बाजारात बघितल्या होत्या. त्या गुळगुळीत असतात. याच्या पाठीवर मात्र अठराएक जाड कंगोरे होते, माथ्यापासून काठापर्यंत पंख्यासारखे पसरलेले, आणि प्रत्येक कंगोऱ्यावर ओळीने दाणे. ज्वारीचे दाणे चिकटवून ठेवल्यासारखे. मी त्यावरून अंगठा फिरवत राहिले.

आमच्या घरात याला खुबा म्हणतात. हे नाव सगळीकडे चालेल असं मात्र नाही. एका कोळीवाड्यातल्या शिवल्या त्या पुढच्या गावातल्या तिसऱ्या, आणखी खाली गेलं की मुळे. खुबे म्हटलं तर मालवणकडचा माणूस दुसरंच काही समोर ठेवेल. म्हणून शास्त्रातलं नाव एकदा सांगून टाकते: टेगिलार्का ग्रॅनोसा. लिनिअस या निसर्गशास्त्रज्ञाने १७५८ साली याला अर्का ग्रॅनोसा म्हटलं होतं. अर्का म्हणजे पेटी, ग्रॅनोसा म्हणजे दाणेदार. दाण्यांची पेटी. ज्वारीच्या गावातून आलेल्या मला हे नाव एकदा ऐकलं ते कायमचं लक्षात राहिलं. पुढे जुन्या अर्का कुळाच्या वाटण्या झाल्या आणि नाव बदललं, पण दाणे राहिले. युरोपच्या किनाऱ्यावर ज्यांना कॉकल म्हणतात ते हृदयाच्या आकाराचे शिंपले वेगळ्या कुळातले. आपला खुबा त्यांच्यासारखा दिसतो, पण जात निराळी. ओळखायचं असेल तर रिकाम्या शिंपेचा सांधा बघावा. तिथे बारीक दातांची एक सरळ रांग असते, लाकडी फणीसारखी. दुसऱ्या शिंपेवर तशीच रांग. दोन्ही एकमेकींत अशा बसतात की मिटलेली पेटी बाजूला सरकतच नाही.

त्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात आईंनी पहिला खुबा कोयतीवर उघडला आणि मी उठून त्यांचा हात धरला. मला वाटलं, बोट कापलं. कोयतीवर, बोटांवर, खालच्या ताटलीत तांबडं रक्त. "माझं नाय गो," आई म्हणाल्या. "त्याचं हाय."

माझं दिवसभराचं काम रक्ताचं आहे. एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ आहे. जांभळ्या झाकणाच्या नळ्या, सेल काउंटर, काचेवर ओढलेले स्मिअर. रक्ताचा रंग बघून हिमोग्लोबिन साधारण किती असेल याचा अंदाज मला मशीनच्या आधी येतो. म्हणून सांगते, ताटलीत होतं ते रक्तच होतं. मसाला, चिखल, गंज असलं काही नव्हतं. आपल्या रक्तापेक्षा पातळ, पण त्याच घराण्यातलं.

शिंपल्यांच्या बहुतेक जातींचं रक्त बिनरंगी असतं. तिसरी उघडा, कालव फोडा, पाण्यासारखा रस निघतो. तेवढ्यावर त्यांचं भागतं, कारण त्या भराभर पाणी आत घेतात आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू त्यांना पुरतो. खुबा आणि त्याचे जवळचे भाऊबंद हे मोजके अपवाद. यांच्या रक्तात तांबड्या पेशी असतात आणि त्या पेशींत हिमोग्लोबिन. लोहाचा अणू मधोमध धरून बसलेलं, प्राणवायूला हात देणारं, हवं तिथे सोडणारं. माझ्या मशीनमध्ये जे मोजलं जातं तेच काम करणारं.

का, ते समजायला मला वर्षं लागली, आणि ते मला त्या काळ्या चिखलाने समजावलं.

खाडीच्या चिखलाचा वरचा तपकिरी पापुद्रा फार पातळ असतो, कुठे कुठे काही मिलिमीटरच. तेवढ्यातच हवा पोचते. त्याखाली प्राणवायू संपतो. तिवरांची पानं, मेलेले जीव, नदीने आणलेला गाळ हे सगळं तिथे कुजत असतं, आणि ते कुजवणारे जीवाणू हवेविना जगतात. श्वासासाठी ते समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडतो. सडक्या अंड्याचा वास तो. शहर नव्हतं तेव्हाही खाडीला तो वास होताच. तो वायू मातीतल्या लोहाला भेटतो आणि लोहाचं सल्फाइड तयार होतं, काळंभोर. माझ्या पोटरीवरचा काळा रंग लोहाचा होता. त्या लोहाच्या मांडीवर बसलेल्या जिवाचं रक्तही लोहानेच तांबडं. एकच धातू, वितभर अंतरात, एकदा काळा आणि एकदा लाल. हे पहिल्यांदा नीट ध्यानात आलं त्या दिवशी मी कामावरून घरी येताना बसमध्ये माझा थांबा सोडून पुढे गेले.

तर खुबा अशा जागी राहतो. आणि तिथे खोल जायची त्याची सोय नाही. तिसरीला दोन नळ्या असतात, एकीतून पाणी आत, दुसरीतून बाहेर. त्यामुळे ती खाली दडून नळ्या तेवढ्या वर काढू शकते. खुब्याला नळ्याच नाहीत. त्याला आपल्या शिंपेचा मागचा काठ चिखलाच्या पृष्ठाशी ठेवूनच बसावं लागतं. आईंच्या बोटांना दोन पेरांत तो सापडला तो म्हणूनच, आणि ती बारीक चीर म्हणजे त्याचा उंबरा. लपता येत नाही म्हणून कवच जाड, कंगोरे दणकट. त्यावर भागवलं आहे त्याने.

ओहोटीला तो मिटून घेतो. पेटीत जेवढं पाणी अडकलं तेवढंच, आणि रक्तात जेवढा प्राणवायू धरून ठेवला तेवढाच. तोही संपला की शरीर हवेविना चालणारी दुसरी चूल पेटवतं. त्या चुलीचा धूर म्हणजे आम्ल. ते साठत गेलं तर जीव जाईल. मिटलेल्या शिंपल्यांमध्ये अशा वेळी जे घडतं ते मला सगळ्यांत विलक्षण वाटतं. शिंपेच्या आतल्या बाजूचा चुना थोडा थोडा विरघळतो आणि ते आम्ल मारतो. स्वतःच्या घराची भिंत थोडी थोडी झिजवून आतला जीव पाणी परत येईपर्यंत तग धरतो. पावसाळ्यात खाडीत गोडं पाणी लोटतं तेव्हाही असाच दिवस दिवस मिटून बसतो. पाण्याचा खारेपणा फार दिवस परतला नाही तर मात्र मरतो. असे एका पावसात गठ्ठ्याने मेलेले खुबे आईंनी बघितले आहेत. "सगली तोंडा उगडी," त्या म्हणतात. मेल्यावर शिंपलं उघडतं, कारण मिटून ठेवायला स्नायूंचा जोर लागतो. सांध्यावरचा लवचीक पट्टा त्याला सतत उघडाच करू बघत असतो. बाजारात तोंड उघडलेलं आणि टकटक केल्यावरही न मिटणारं शिंपलं घेऊ नये म्हणतात ते यासाठी.

लेक सातवीत असताना तिने एक दिवस विचारलं, खुब्याचं रक्त मायक्रोस्कोपखाली कसं दिसतं. शिकत असताना घेतलेला माझा जुना मायक्रोस्कोप माळ्यावर होता. खाली काढला, भिंगं पुसली. ताज्या खुब्याच्या काठातून बारीक नळीने एक थेंब घेतला, काचेवर ठेवला, कडेने मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचा अगदी लहानसा थेंब सोडला आणि वरून पातळ काच टाकली.

एकटी तांबडी पेशी भिंगाखाली कधीच तांबडी दिसत नाही. फिकट पिवळसर दिसते. हजारो एकमेकींवर आल्या की मग लाल. या पेशी आपल्यापेक्षा मोठ्या होत्या, चपट्या, लांबट गोल. आणि प्रत्येकीच्या मधे एक निळा ठिपका. केंद्रक.

माझा हात आपोआप टेबलावर नोंदवहीसाठी फिरला. माणसाच्या वाहत्या रक्तात केंद्रक असलेली तांबडी पेशी दिसली की आम्ही ती मोजतो, रिपोर्टात लिहितो, डॉक्टरांना फोन करतो. मोठ्या माणसाच्या रक्तात ती नसायला हवी. आपल्या पेशी हाडांच्या मगजातून बाहेर पडताना केंद्रक टाकून देतात, जास्त हिमोग्लोबिन मावावं म्हणून. ती दिसली म्हणजे मगजावर फार ताण आहे, पेशी अर्धकच्च्या बाहेर लोटल्या जात आहेत. वीस वर्षांच्या सवयीने मला ती स्लाइड एखाद्या अत्यवस्थ रुग्णाची वाटली. आणि तो खुबा तर ताटलीत ठणठणीत होता. त्याच्यासाठी तेच नेहमीचं. पेशी पूर्ण, केंद्रकासकट. आणखी एक. आपलं रक्त नळ्यांतून वाहतं, त्याचं तसं नाही. ते हृदयातून निघतं आणि पुढे अवयवांच्या मधल्या पोकळीत मोकळं पसरतं, मांस त्यातच भिजलेलं असतं. म्हणून एक चीर दिली की एवढं वाहतं. आणि ते आपल्यासारखं जाळं विणून गोठत नाही. पेशीच एकमेकींना धरून गोळा होतात. आम्ही बघत असतानाच काचेवर त्यांचे पुंजके व्हायला लागले. लेक म्हणाली, "आई, त्या एकमेकींना शोधतायत." मी तिला दुरुस्त केलं नाही.

माद्या आणि नर वेगळे असतात. पाण्यातच अंडी आणि बीज सोडतात, लाखांनी. पिल्लं पहिले दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगतात, मग चिखलावर उतरतात आणि बारीक धाग्याने वाळूच्या एखाद्या कणाला स्वतःला बांधून घेतात. खाण्यापुरता व्हायला दीड-दोन वर्षं लागतात. शिंपेवर बारीक गोल भोक दिसलं, वर रुंद आणि आत अरुंद, तर समजावं की चंद्र-गोगलगायीने गाठलं होतं. ती कवचाला भोक पाडून आतलं मांस खाते. मलेशियात, थायलंडमध्ये, चीनमध्ये, कोरियात या शिंपल्याची शेती होते. मलेशियात तर बी गोळा करून चिखलावर भाताच्या पेरणीसारखं फेकतात. आपल्याकडे आंध्रात काकिनाड्याच्या उपसागरात तो भरपूर मिळतो. मुंबईत त्याच्यासाठी कुणी मुद्दाम येत नाही. येतात ते रोहित बघायला.

रोहितांवर माझा राग नाही. ठाण्याच्या खाडीत त्यांच्यामुळेच अभयारण्य झालं, २०२२ मध्ये खाडी जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. त्यांच्यामुळे या चिखलाला निदान नाव मिळालं. पण त्यांचा गुलाबी रंग शेवाळातून आलेला, खाण्यातला. खुब्याचा तांबडा रंग त्याने स्वतः घडवलेला. शिवडीच्या धक्क्यावर लांब भिंगांचे कॅमेरे घेऊन रांगेने उभी असलेली माणसं बघितली की मला वाटतं, यांतल्या एकाने तरी भिंग खाली करावं.

आता जे लिहायला मला जड जातं ते.

खुबा खातो कसं, तर पाणी गाळून. कल्ल्यांवरचे बारीक केस सतत हलत पाणी आत ओढतात. त्यातले शैवालाचे कण, कुजका भुगा कल्ल्यांवर अडकतो, तोंडाशी निवड होते, नको ते चिकट गोळ्या करून टाकून दिलं जातं. ही निवड कणांची. पाण्यात विरघळलेलं शिसं किंवा कॅडमियम, सांडपाण्यातले जीवाणू, विषाणू हे त्याला ओळखता येत नाही. ते अंगात साठत जातं. खाडीत जे येतं त्याचा हिशोब खुब्याच्या मांसात लिहिला जातो.

१९८८ च्या सुरुवातीला शांघायमध्ये काही आठवड्यांत जवळपास तीन लाख लोकांना हिपॅटायटिस ए ची कावीळ झाली. मूळ सापडलं ते शिंपल्यांत. खुब्याचाच चुलतभाऊ, त्याच कुळातला. सांडपाणी मिसळलेल्या किनाऱ्यावरून आलेला. तिकडे तो उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून, जवळजवळ कच्चाच खायची रीत होती, रक्त तांबडं राहावं म्हणून. तेवढ्या उष्णतेने विषाणू मरत नाही. आमच्या अभ्यासक्रमात ही साथ शिकवली होती. तेव्हा मी ती परीक्षेपुरती पाठ केली. माहुलच्या स्वयंपाकघरात ती मला पुन्हा भेटली.

आपल्याकडे शिंपल्या कच्च्या कुणी खात नाही, चांगल्या शिजवतात. शिजवल्याने विषाणू मरतो. धातू जात नाहीत. मी एका संध्याकाळी आईंना सांगितलं की या खाडीतले खुबे आता घरात नकोत. मुलीला तर नाहीच. त्या काही बोलल्या नाहीत. हातातली पाटी दाराबाहेर ठेवली. नंतर म्हणाल्या, "चालीस वरसं खाल्लं. तुज्या नवऱ्याला याच्यावरच वाडवला." त्यांच्या आवाजात भांडण नव्हतं. ती त्यांच्या हातची कमाई होती. चाळीस वर्षं, तीजेला, चौथीला, पाठ वाकवून. आणि मी, साताऱ्याहून आलेली सून, ती विषारी आहे म्हणत होते. खाडीत काय सोडलं जातं ते त्यांनी सोडलेलं नव्हतं. ज्यांनी सोडलं त्यांना कुणी पाटी बाहेर ठेवायला सांगितली नाही.

दोन वर्षांपूर्वी आई जिना चढताना मधे थांबायला लागल्या. विचारलं तर म्हणायच्या, गुडघे. एका रविवारी मी पापणी खाली ओढून बघितली. पांढरीफटक. दुसऱ्या दिवशी त्यांचं रक्त मीच काढलं. नळी हातात घेतली तेव्हाच कळलं. पातळ, फिकं. हिमोग्लोबिन ७.२. बाईमाणसाला १२ तरी हवं. स्मिअर मी कुणाला बघू दिला नाही, स्वतः बघितला. लहान लहान पेशी, मधे मोठी पांढरी पोकळी, कडेला रंगाची नुसती कड. लोह संपलेलं. खाडीच्या चिखलात इतकी वर्षं लोहात गुडघाभर उभी राहिलेली बाई, आणि तिच्या रक्तात लोह नाही. मी स्टुलावर बराच वेळ बसून होते.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या. घरी आल्यावर आई म्हणाल्या, "मला खुबे दे. म्हैन्यात उबी राहीन." त्यांचं चूक नव्हतं. शिंपल्यांच्या मांसात लोह भरपूर, बी बारा भरपूर, आणि ते अंगाला लागतंही पालेभाजीतल्या लोहापेक्षा लवकर. त्यांच्या आईने, आजीने अशक्त माणसाला हेच दिलं असणार, आणि माणसं उठून उभी राहिली असणार. तेव्हाच्या पाण्यातून काढलेल्या खुब्यांनी. त्यांच्या आजाराला नेमकं जे हवं होतं ते घरापासून पाचशे पावलांवर चिखलात बसलेलं होतं, आणि मी ते त्यांना देऊ शकत नव्हते. एवढी मोठी गोष्ट आपल्या हातून गेली आहे हे मला तोपर्यंत कधी इतकं जवळून लागलं नव्हतं.

मी लोहाच्या गोळ्या दिल्या. लिंबाच्या पाण्याबरोबर, चहापासून लांब ठेवून. चार महिन्यांनी १०.८.

त्यानंतरच्या तीजेला त्याच म्हणाल्या, चल. पाटी घेतली नाही. लेकीला बरोबर घेतलं. तीही आता चिखलात थांबत नाही, सरकत चालते. दूर अटल सेतूवरून गाड्या जात होत्या, त्यांचा आवाज इथवर येत नव्हता. आई पूर्वीसारख्या भराभर नाही गेल्या, पण गेल्या. वाकल्या, दोन पेरं बोटं घातली, एक खुबा काढला. लहान होता, दीड-दोन वर्षांचाही नसेल. बघितला आणि चिखलावर आडवा ठेवला.

"बघ आता," लेकीला म्हणाल्या.

आम्ही तिघी वाकून उभ्या. बराच वेळ काहीच नाही. मग काठ केसभर उघडला. आतून जिभेसारखा पाय बाहेर आला, नारिंगी-तांबडा, टोकाला निमुळता. तो चिखलात शिरला, आत गेला, आत जाऊन फुगला असावा, कारण त्याने पकड घेतली आणि अख्खं शिंपलं एका झटक्यात उभं झालं. थांबला. पुन्हा पाय, पुन्हा पकड, पुन्हा झटका. दर वेळी शिंपा किंचित मिटायच्या आणि कडेने थोडं पाणी सुटून चिखल मऊ व्हायचा. दाण्यांची एक एक ओळ खाली जात राहिली. शेवटी मागचा काठ तेवढा उरला आणि तिथे बारीक चीर.

लेकीने विचारलं, आजी, आता तो किती दिवस इथेच राहणार. आईंनी उत्तर दिलं नाही. त्या खाडीच्या तोंडाकडे बघत होत्या. तिवरांच्या बाजूने पाण्याची एक चपटी कड चिखलावरून पुढे येत होती, आवाज न करता.

"चला," त्या म्हणाल्या. "भरती लागली."